मायनरवाली

तिनं गणित मेजर घेतलं तेव्हा काका खूश झाले होते. ते स्वतःच तिच्या विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून तिनं भूगोल निवडल्याचं जेवताना कळलं, आणि त्यांनी हातातली वाटी ताटात आदळली.

"नद्या आणि राजधान्या पाठ करायला विद्यापीठात जातात का?"

"पाठ नाही करायचं, काका. जमीन मोजायची, नकाशे काढायचे."

"मग मोजणीदारच हो. एवढं शिकवलं कशाला?"

काकूनं सांडलेलं पुसून घेतलं. आईवडील गेल्यापासून ती काका-काकूंच्याच घरात वाढली होती आणि 'एवढं शिकवलं' हे तिला ऊठसूट ऐकावं लागायचं.

भूगोल विभागातही कुणी तिची वाट बघत नव्हतं. वर्गातली मुलं तिला 'मायनरवाली' म्हणायची. विभागप्रमुख बाईंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, "मायनरवाल्यांनी मागे बसायचं. तुम्ही चार दिवसांचे पाहुणे."

ती मागे बसली. पण नकाशाच्या तासाला तिचं भान हरपायचं. सारख्या उंचीचे ठिपके पेन्सिलीनं जोडत गेलं की सपाट कागदावर टेकडी उभी राहायची. गणित तिला येत होतं. हे तिला आवडत होतं.

काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते थेट बाईंच्या खोलीत गेले. "माझ्या पुतणीचं नाव काढून टाका. फुकटचे मार्क मिळवायची तिला गरज नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं, काका काय बोलून गेले ते मीठमिरची लावून सांगितलं आणि पाण्याच्या टाकीमागच्या अख्ख्या टेकडीचा नकाशा तिच्या एकटीच्या गळ्यात मारला. "फुकटचं कशाला म्हणतात ते दाखवू तुझ्या काकांना."

घरी येताच तिनं विचारलं, "तुम्ही बाईंकडे गेला होतात?"

"तुझ्या भल्यासाठी."

"मला न विचारता?"

"विषय घेताना तू मला विचारलं होतंस?"

टेकडीवर दुर्बिणीतून उंची वाचायची तर समोर कुणाला तरी आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहावं लागतं. वर्गातलं कुणी आलं नाही. काकूनं ते ऐकलं आणि काका कामावर गेल्यावर पायात बूट चढवले. "त्यांच्या कानावर घालू नकोस," एवढंच म्हणाली.

भर उन्हात काकू पट्टी धरून उभी राहायची. एकदा कच्च्या नकाशावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ही रेघ कशी जाते?"

"तिच्यावरून चालत गेलीस तर चढही लागणार नाही, उतारही नाही."

"मग ती मला पाठ आहे," काकू म्हणाली आणि पट्टी उचलून पुढे गेली.

नकाशा मांडायच्या दिवशी बाईंनी परीक्षक म्हणून मुद्दाम काकांनाच बोलावलं. काकांनी कागदाकडे जेमतेम पाहिलं. "या रेषा अंदाजानं ओढल्यात. यात गणित कुठे आहे?"

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "गणितवाल्यांना कागदाबाहेरचं काही दिसत नाही म्हणून."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. तिनं नकाशा दोघांच्या मध्ये सरकवला.

"बाई, काकांना उत्तर द्यायचं असेल तर तुम्ही द्या. आणि काका, अंदाज कुठे घेतलाय ते खाली लिहिलंय. मी टेकडीबद्दल बोलायला आलेय. तिच्याबद्दल काही विचारायचं असलं तर विचारा."

टेकडीबद्दल दोघांनीही काही विचारलं नाही.

बाईंनी तिला जेमतेम पास केलं. घरी काकांनी एकच वाक्य ऐकवलं, "चारचौघांत तोंड वर करून बोलायचं असेल तर राहायची सोय बघ." त्याच आठवड्यात ती वसतिगृहात गेली. ट्रंकेची एक कडी तिनं धरली, दुसरी काकूनं. काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

पुढच्या सत्रात तिनं पुन्हा भूगोल घेतला. बाईंनी अर्जावर सही केली.

गणिताचा सकाळचा तास अजून काकाच घेतात. ते हजेरीला तिचा नंबर पुकारतात, ती "हजर" म्हणते. दोघांमध्ये एवढंच बोलणं उरलंय.