चोरीला न गेलेली झोळी

गच्चीवरच्या दोरीवर बघाल तर तुम्हाला वाटेल, हे काळं, लाल पट्ट्यांचं पांघरूण कुणाचं? पांघरूण नाही हो मी. मी झोळी आहे, मूल पाठीशी बांधायची. मस्कतमध्ये, अल् घुब्राच्या एका इमारतीवर सध्या वाळते आहे. इथलं ऊन असं की दोरीवर टाकून बाई खाली जाऊन येते तोवर मी कडकडीत. माझ्या गावी धुक्यामुळे मी दिवसचे दिवस ओलसर राहायची.

माझं गाव व्हिएतनामच्या डोंगरात आहे. दा लात शहराबाहेर एका टेकडीवर बौद्ध देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांशी का ब्रेम नावाची को-हो जमातीची म्हातारी कापडं विकत बसते. तिचा माग म्हणजे कमरेला पट्टा, दोन्ही पायांनी रेटून धरलेला बांबू आणि मधे ताणलेला धागा. ती श्वास घेई तशी मी हलायची. तिनं मला विकायला नाही, लेकीसाठी विणलं. लेक सायगॉनला कारखान्यात लागली, तिथंच तिचा संसार झाला आणि मुलासाठी तिनं बाबागाडी घेतली. "आता पाठीवर कोण बांधतं?" म्हणाली. मी घडी होऊन टोपलीच्या तळाशी गेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

टोपलीतून मी पर्यटक पुष्कळ पाहिले. देवळाबाहेर फोटो काढतात, आत फोटो काढतात, मग पायरीवर बसून तेच फोटो बघतात. देव तेवढा बघायचा राहतो.

किशोरी मात्र तशी नव्हती. ती, नवरा रविकांत आणि लेक सावनी असे तिघं आले होते. मस्कतहून, तिथल्या रुवी भागातल्या दुकानातून घेतलेला खण आणि नारळ तिनं पर्समधून आणला होता. पांढऱ्या वस्त्रातल्या, हातात कुंभ धरलेल्या देवीला पाहून तिनं सरळ ओटीच भरली. तिथल्या तरुण भिक्षूला काही कळलं नाही, पण त्यानं हसून नारळ उचलला आणि बिस्किटांचे पुडे नि सरबताचे डबे ठेवले होते त्यांच्या ओळीत नीट मांडला. रविकांतनं त्याचाही फोटो काढला.

उतरताना सावनी का ब्रेमच्या शेजारी टेकली. तिला धाप लागली होती. का ब्रेमनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. तिसरा महिना होता, घराबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. म्हातारीला सांगावं लागलं नाही. तिनं टोपलीच्या तळातून मला काढलं आणि सावनीच्या मांडीवर ठेवलं. बरोबरच्या गाइडनं सांगितलं, "पैसे नको म्हणते. बाळ झालं की ह्यात बांधून फोटो पाठव म्हणते."

"आई, किती सॉफ्ट आहे बघ ना," सावनी म्हणाली. "मी बाळाला ह्याच्यातच कॅरी करणार."

किशोरीचा चेहरा उतरला. बाळ यायच्या आधी बाळासाठी काही घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. सावनीच्या मागच्या खेपेला तिनं ती मोडली होती. हौसेनं टोपडं विणलं, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. ते टोपडं कपाटात कुठे ठेवलंय हे ती आजही कुणाला सांगत नाही. पण देवळाच्या दारात मिळालेलं नाकारायचं तरी कसं? तिनं हात जोडले आणि मला घेतलं.

हॉटेलात शेवटच्या सकाळी सावनीनं मला पलंगावर पसरलं होतं. खोली साफ करायला एक मुलगी आली. मला पाहताच ओळखीचं माणूस भेटावं तशी हसली. आमच्याच लोकांतली असणार. तिनं उशी उचलली, सावनीच्या पाठीवर ठेवली आणि मला खांद्यावरून, काखेतून घेऊन पुढे गाठ मारून दाखवली. सावनीला जमेना, तेव्हा गाठ सोडून पुन्हा दाखवली. उशीचं बाळ पाठीवर घेऊन सावनी खोलीभर नाचली. किशोरी दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि नजर वळवली. "खाली ठेव ते," एवढंच म्हणाली.

बॅग तिनंच भरली. मस्कतला उतरल्यावर मला घरात नेलंच नाही. लिफ्टमधून वरच्या मजल्यावर बिलकीसकडे नेलं. बिलकीस रत्नागिरीकडची, नवरा सादिकचं रुवीत कापडाचं दुकान. त्यामुळे हात लावताच तिला माझी किंमत कळली.

"अगो, हाताचं विणलंलं हाय हां. मना कशाला देतंस?"

"असू दे गं. तुझ्यासाठीच आणलं."

बिलकीसनं मला आतल्या खोलीत दिवाणावर अंथरलं. सावनीला किशोरीनं सांगितलं, हॉटेलात राहिलं वाटतं.

इथपर्यंत मी किशोरीला समजून घेऊ शकते. भ्यालेली आई काय करील, सांगता येत नाही. पण पुढे रविकांतनं जे केलं आणि किशोरीनं जे होऊ दिलं ते असं.

रविकांतला प्रवासाहून आल्यावर रिव्ह्यू लिहायची भारी हौस. सावनीनं हॉटेलला फोन करून नुसतं शोधा म्हटलं होतं. ह्यानं जेवायला बसल्या बसल्या मोबाइलवर एक चांदणी दिली आणि लिहिलं, खोलीतून मौल्यवान वस्त्र चोरीला गेलं. किशोरी पोळी वाढत होती. तिनं ते वाचलं. पोळी वाढली आणि आत गेली. चार दिवसांनी हॉटेलचं उत्तर आलं. झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व, ती खोली साफ करणाऱ्या मुलीला कामावरून काढलं आहे.

हे मला कसं कळलं? त्याच दुपारी किशोरी बिलकीसकडे आली, माझ्यावर बसली आणि रडत रडत सगळं बोलली.

"आत्ताच्या आत्ता सांगून टाक," बिलकीस म्हणाली. "हे ने खाली. पोरीचं काम गेलं गो."

"बाळ होऊ दे. मग सांगते. आत्ता हे घरात नको."

"नि तोवर त्या पोरीनं काय खायाचं?"

 किशोरीचे ओले हात माझ्या काठावरून फिरत होते. ज्या हातांनी देवीची ओटी भरली तेच हात. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी इथं आहे. कापडाला तोंड नसतं. दिवाणावर सुखात लोळायची मला लाज वाटू लागली. कुणीतरी माझ्या पायी घरी बसलं होतं.

ईदला सावनी शीरखुर्मा खायला वर आली. सातवा महिना होता. पाय अवघडले म्हणून ती आतल्या खोलीकडे वळली, तशी किशोरी तिच्या आधी धावली. ओढणी माझ्यावर टाकली आणि मधोमध फतकल मारून बसली. सावनी हसली. "आई, जागा तरी दे!" किशोरी हलली नाही. बिलकीस दारात वाटी घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारसं झालं, नाव ठेवलं अन्विता. दुसऱ्या दिवशी किशोरी वर आली. बिलकीसनं मला आधीच धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. तिनं मला किशोरीच्या हातात दिलं.

सावनी बाळाला घेऊन बसली होती. किशोरीनं मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. टोपड्यापासून पोळी वाढण्यापर्यंत.  मला वाटलं, आता सावनी आईवर चिडेल.

"त्या मुलीचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

किशोरीला माहीत नव्हतं. रविकांतलाही नव्हतं. सावनीलाही नव्हतं. तिनं गाठ शिकवली होती, आणि तिला नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

रविकांतनं रिव्ह्यू काढून टाकला. हॉटेलला लिहिलं, चूक आमची होती, तिला परत घ्या. उत्तर आलं, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. ती मुलगी आता कुठे आहे, आम्हाला माहीत नाही.

सावनीनं बाळ माझ्यात बांधून त्या गाइडमार्फत का ब्रेमला फोटो पाठवला. त्याबरोबर सगळी हकीकतही सांगितली. का ब्रेमनं बाळासाठी आशीर्वाद पाठवले. खाली लिहून आलं, त्या मुलीबद्दल मी पायऱ्यांवर सगळ्यांना विचारते आहे. डोंगर मोठा आहे.

आता मला रोज किशोरीच धुते, हातानं, मशीनमध्ये टाकत नाही. संध्याकाळी नातीला पाठीवर घेते तेव्हा मला खांद्यावरून, काखेतून आणते. पुढे गाठ मारताना तिचे हात थांबतात. कारण ती गाठ तिचीही नाही, सावनीचीही नाही.

तुम्ही फिरायला जाता. देवळं बघता, चहा पिता, रिव्ह्यू लिहिता. कधी त्या डोंगरात गेलात आणि खोली आवरायला एखादी हसरी को-हो मुलगी आली, तर तिला आधी तिचं नाव विचारा. आणि ती कधीकाळी दा लातच्या हॉटेलात होती असं म्हणाली, तर माझा एवढा निरोप सांगा. मस्कतला एक बाळ तू शिकवलेल्या गाठीत झोपतं. आणि मला कुणी चोरलं नव्हतं.