प्रेमला आणलं न्हाई

महामार्गावरून गाडी खाली उतरली आणि ज्योत्स्नाला आपलं जालना नेमकं कुठल्या बाजूला, तेच कळेना. कपाशीची शेतं होती तिथं काचेच्या इमारती, इमारतींवर बियाणे कंपन्यांच्या पाट्या. वळण म्हणून एक ओळखीचं नाही.

"मॅडम, तुमचंच गाव ना? सरळ घेऊ का?" ड्रायव्हरनं विचारलं. तिनं मोबाईलमधला नकाशा त्याच्यापुढं धरला. तो हसायला लागला.

बियाणे परिषदेत दुपारी बोलायचं आणि लगेच कंपनीच्या गाडीनं परत पुणं. जालन्यातच मस्तगडला भावाकडं, राजानंदकडं, आई होती, बेबीनंदाबाई. तिला ज्योत्स्नानं कळवलंच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आईनं डिंक-खोबरं भरून ठेवलं होतं. ऐनवेळी डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले आणि प्रेम पुण्यातच झाला. मग आईचे गुडघे धरले. सात महिन्यांचा झाला नातू, तिनं तो फक्त फोनवर पाहिलेला. आता त्याला मागं ठेवून तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? पुढच्या महिन्यात त्याला घेऊनच येऊ, असं ज्योत्स्नानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण अंबड चौफुलीला परिषदेचा भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर पाहुण्यांच्या रांगेत तिचाही हसरा फोटो. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

भाषण उरकून ती बाहेर आली तर वॉचमन वाटच बघत होता. "मॅडम, एक आजी कवाच्या बसल्यात गेटापाशी. पास न्हाई तर आत कसं सोडावं? म्हणत्यात, फोटोतली ती माझी लेक हाय."

आई कट्ट्यावर बसली होती. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. मनगटं मात्र मोकळी.

"माय! पाटल्या कुठं गेल्या गं तुझ्या?"

"काढून ठेवल्या. लेकराला टोचत्यात." आई उठायला लागली. "राजानंद फोटो बघून आल्ता. म्हणला, ताई येऊन राह्यली. म्हणलं, लेकरू काखंला मारून कुठं हुडकत फिरती मला, आपणच जावं." तिची नजर ज्योत्स्नाच्या मागं गाडीकडं गेली. "निजलं का गं?"

"प्रेमला आणलं न्हाई, माय. सासूबाईंजवळ ठेवलाय."

आई उठता उठता पुन्हा खाली बसली. मोकळ्या मनगटांवर तिनं पदर ओढला.

"बराबर केलंस. एवढ्या उन्हाचं कुठं हिंडवायचं." मग गुडघा चोळत, "तसं मला इकडं कामच होतं."

"काय काम?"

"हाय की. समदंच सांगू का तुला? मोठी मॅडम झाली म्हणून?"

ज्योत्स्ना हसली, आणि त्याच क्षणी तिला पान्हा दाटून आला. कुर्ता भिजला. तिनं हातातली परिषदेची पिशवी छातीशी धरली, पण आईपासून ते कुठं लपतंय?

"कधी पाजलंस?"

"पहाटं."

"येडी का काय तू? गाठी होतील. चल, पिळून काढ जल्दी."

ज्योत्स्ना बायकांच्या स्वच्छतागृहाकडं वळली तशी आईनं तिचा दंड धरला. "तिथं न्हाई. लेकराचं दूध हाय ते."

हॉलच्या मागं मेंदीचं कुंपण होतं. ज्योत्स्ना कोपऱ्यात उकिडवी बसली आणि आई पदर दोन्ही हातांनी पसरून तिच्यापुढं उभी राहिली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. आईचे पाय थरथरत होते.

"बस ना गं माय, कुणी येत न्हाई इकडं."

"तू तुझं कर. झाडाच्या मुळाशी सोड, पायदळी नको."

धारा मातीत जिरत गेल्या. ज्योत्स्नाचे डोळेही वाहायला लागले. शेवटी आई कशीबशी खाली टेकली, लेकीचे ओले हात तिनं आपल्या पदरानं पुसले, एकेक बोट करून, लहानपणी पुसायची तसे.

गेटाकडून गाडीचा हॉर्न वाजला.

आईनं पदराचा ओला कोपरा नाकाशी नेला. डोळे मिटून तशीच राहिली.

"ज्योती," ती म्हणाली, "त्याच्या तोंडाचा असाच येतो का गं वास?"