रेघेवरचा चेंडू

मुलीच्या, मैत्रेयीच्या, शाळेतल्या टेनिसचे फोटो काढायचं काम प्रतिमाकडे आलं, ते केवळ तिच्याकडे चांगला कॅमेरा होता म्हणून. लखनौच्या एका संशोधन संस्थेत पानांचे नि परागकणांचे फोटो काढण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. पण पान जागचं हलत नाही. पहिल्या महिन्यातल्या तिच्या फोटोंत रॅकेट म्हणजे नुसता धुरकट पट्टा होता, चेंडू चौकटीबाहेर आणि चेहरा दंडामागे. खेळाचे शिक्षक तिवारी सर म्हणाले, "मॅडम, इसमें तो पता ही नहीं चल रहा कौन है."

तिला युक्ती सांगितली झेबाने. झेबा मैत्रेयीची बारावीतली मैत्रीण, डबल्सची जोडीदार. राहायची जुन्या लखनौतल्या चौक भागात, पण शनिवारी मैत्रेयीबरोबर वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या घरी यायची आणि प्रतिमाच्या हातची थालीपीठं आवडीने खायची. फोटो बघत ती म्हणाली, "आंटी, गेंद को मत देखिए. हमारा कंधा देखिए. कंधा घूमा कि बटन दबा दीजिए."

प्रतिमाने तसं केलं. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेला, कोर्टाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसू लागली, एका दमात दहा-दहा फोटो घेऊ लागली. नोव्हेंबर लागला होता आणि धुरक्यामुळे उजेड रोजच कमी पडत होता, तरी हळूहळू फोटोंत चेंडू दिसायला लागला, मग चेहरेही दिसायला लागले. सरांनी तीन फोटो शाळेच्या मासिकासाठी ठेवून घेतले. त्या दिवशी तिला संस्थेतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त आनंद झाला.

कानपूरच्या स्पर्धेसाठी शाळेच्या संघात सिंगल्सची एकच जागा उरली होती, आणि ती मैत्रेयी किंवा झेबा यांच्यातल्या एकीला मिळणार होती. शुक्रवारी दोघींची मॅच झाली. कोर्ट लाल मातीचं, रेघा चुन्याने आखलेल्या. पंच नव्हता, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे जिचं तिने सांगायचं. शेवटी झेबाला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिने जोरात मारलेला चेंडू मैत्रेयीच्या उजव्या कोपऱ्यात पडला. मैत्रेयीने बोट वर केलं.

पलीकडून सरांनी विचारलं, "आउट?"

"आउट, सर."

झेबा पुढच्या पॉइंटसाठी आपल्या जागेवर परत गेली. पण त्यानंतर तिचा खेळ विस्कटला आणि मैत्रेयी जिंकली.

रविवारी सकाळी प्रतिमाने ते फोटो लॅपटॉपवर उघडले. तो कोपरा तिच्यापासून चार हातांवर होता. एका फोटोत चेंडू रेघेवर दबलेला होता, म्हणजे आतच, आणि त्याच्या बाजूने चुना उडत होता. त्याच्या पुढच्यात मैत्रेयीचं बोट वर होतं. त्यानंतरच्या तीन फोटोंत मैत्रेयीचा बूट चेंडूच्या खुणेवरून फिरत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. आजवर प्रतिमाने काढलेल्या फोटोंतले हे सगळ्यात स्पष्ट फोटो होते.

तिला आधी राग आलाच नाही. हे फोटो आपण अजून कुणाला पाठवलेले नाहीत ना, एवढंच तिने आधी तपासलं. आपण हेच आधी पाहिलं, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने मैत्रेयीला हाक मारली. मैत्रेयी उभ्याउभ्याच फोटो बघत राहिली.

"आई, आप डिलीट कर दीजिए."

"पाय का फिरवलास तू?"

"पता नहीं. हो गया." मग हळू आवाजात म्हणाली, "मेरा भी तो लास्ट इयर है."

"उद्या सरांना सांग. मी येते बरोबर."

"नहीं."

सुबोध, प्रतिमाचा नवरा, अमौसीला विमानतळावर नोकरीला होता. तो ड्यूटीवरून आल्यावर प्रतिमाने त्याला फोटो दाखवले. तो बूट काढताकाढता म्हणाला, "शाळेतली मॅच आहे ती. त्यासाठी पोरीला सगळ्यांसमोर उभं करणार का तू?" मैत्रेयी स्वतःहून सांगेल म्हणून तिने चार दिवस वाट पाहिली. मैत्रेयी शाळेत जात होती, सरावाला जात होती, घरी आली की दार लावून घेत होती.

पाचव्या दिवशी प्रतिमा एकटीच शाळेत गेली. तिवारी सरांनी फोटो पाहिले आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"मॅडम, लिस्ट तो परसों चली गई. अब नाम नहीं बदलेगा. आप माँ हैं, रहने दीजिए."

बाहेर व्हरांड्यात झेबा भेटली. प्रतिमाने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. झेबा खाली बघत ऐकत होती.

"मुझे मालूम था, आंटी. चूना उड़ते हुए देखा था मैंने."

"फिर बोली क्यों नहीं?"

"सर ने पूछा, उसने आउट कहा. मैं क्या कहती, कि मेरी दोस्त झूठ बोल रही है?" तिने दप्तर खांद्यावर घेतलं. "आप न बतातीं तो अच्छा था."

ती वर्गाकडे निघून गेली. त्या शनिवारी ती आली नाही, आणि त्यानंतरही कधी आली नाही. बोर्डाची परीक्षा आहे असं सांगून तिने टेनिस सोडलं.

मैत्रेयी कानपूरला गेली. "आप मत आइए," एवढंच ती आईला म्हणाली होती. पहिल्याच फेरीत ती फक्त दोन गेम जिंकून हरली. संध्याकाळी प्रतिमा तिला आणायला चारबाग स्टेशनवर गेली. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "काही खाल्लंस का?"

"हाँ."

प्रतिमाने गाडी स्टेशनबाहेर काढली. मग मैत्रेयी खिडकीबाहेर बघत बोलू लागली.

"उसे पता था. और मुझे पता था कि उसे पता है. फिर भी हम दोनों साथ में टिफिन खा रहे थे, आई. मैं सोच रही थी, किसी दिन खुद ही सॉरी बोल दूँगी. आपने बोल दिया तो फिर बोलने को कुछ बचा ही नहीं. अब वो दूसरी बेंच पर बैठती है."

"मी चुकले का?" प्रतिमाने विचारलं.

मैत्रेयीने कपाळ काचेला टेकवलं. ती रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा प्रतिमाने एक हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. मैत्रेयीने तो बाजूला केला नाही, आणि धरलाही नाही. सिग्नल सुटला तेव्हा गिअर बदलायला प्रतिमाला तो हात उचलावा लागला.