ड्रॅगनची राखी

धम्मरत्नचा कोणत्याही दंतकथेवर विश्वास नव्हता, आणि समर्थच्या दंतकथेवर तर मुळीच नव्हता.

आकुर्डीत दिव्याच्या फ्लॅटवर दर रविवारी सहाजण जमत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले शूरवीर व्हायचं, आणि कोण जगणार, कोण मरणार हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं, असा खेळ. गोष्ट सांगणारा बदली होऊन नाशिकला गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीसाठी धम्मरत्ननं आठ महिने खपून एक अख्खं राज्य लिहिलं होतं, सांडपाण्याच्या व्यवस्थेसकट. समर्थनं काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्याकडे ड्रॅगन होता.

तीन वर्षांपूर्वी तळेगावातल्या एका डावात म्हणे समर्थनं चवताळलेल्या ड्रॅगनला "ताई" अशी हाक मारली, लागोपाठ तीनदा वीस टाकले आणि तिच्याकडून राखी बांधून घेतली. राज्य वाचलं. हिंजवडीच्या कॅबमध्ये अनोळखी लोकसुद्धा ही कथा एकमेकांना सांगत.

"आठ हजारांत एकदा होतं असं," धम्मरत्न म्हणाला.

"मग झालं ना एकदा," दिव्या म्हणाली.

"बघितलं कुणी?"

सगळ्यांनी बघितलं होतं. एकाचा ड्रॅगन लाल होता, दुसऱ्याचा हिरवा, आणि राखी चांदीची होती हे तिसऱ्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं. खोदून विचारल्यावर कळलं की त्या दिवशी पहिला सेकंड शिफ्टला होता, दुसरा लग्नाला, आणि आईची शपथ घेणारा तेव्हा लातूरला राहायचा.

"भावा, जळतोयस तू," समर्थ म्हणाला. "हा घे तोच फासा. तपास जा."

इथं समर्थ चुकला. धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. त्यानं फाशाला व्हर्नियर लावला, विसाच्या वीस बाजू मोजल्या, आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तो फासा हजार वेळा टाकला. फोर्कलिफ्टवाला भैरू शेजारी बसून रजिस्टरमध्ये मोजणीच्या रेघा ओढत होता. वीस आले एक्कावन्न वेळा. लागोपाठ तीन, एकदाही नाही.

"साहेब, ह्यो पार्ट बसतो कुठं?" भैरूनं विचारलं.

"कुठंच नाही."

"मग ओके हाय."

फासा पास झाला. म्हणजे रिजेक्ट माणूसच, हे उघड होतं.

शनिवारी धम्मरत्न तळेगावात समर्थच्या घरी धडकला. समर्थची आई, यशोदाबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"व्हय, आठवतंय की," त्या म्हणाल्या. "तीन बारी फासा पलंगाखाली गेला. मीच केरसुणीनं वढला."

"आणि वीस आले होते?"

"चष्मा कुठं हुता डोळ्याला? पहिल्या बारीला आपलं वीस म्हनले, तर समदी नाचाय लागली. मग तेच म्हनत राहिले. सयपाक निवत हुता रे बाबा. उठून जेवतील तरी."

धम्मरत्ननं जबाब रजिस्टरमध्ये उतरवला, खाली त्यांची सही घेतली, आणि चहाला नाही म्हणाला. साक्षीदाराचा चहा घेत नसतात.

रविवारी तो रजिस्टर काखेत मारून दिव्याकडे पोचला, तर सगळे उभे राहिले.

"हजार वेळा टाकलास म्हणे," दिव्या दबक्या आवाजात म्हणाली.

"टाकला."

"आणि हजारही वेळा वीस?"

भैरूनं ही हकिगत कंपनीच्या बसमध्ये सांगितली होती. बस चाकणहून निघाली तेव्हा वीस एक्कावन्नच होते. आकुर्डी येईपर्यंत त्यांची भरभराट झाली होती.

समर्थनं मान खाली घातली. "माझे तीनच रे, राव. तूच बस त्या खुर्चीत."

धम्मरत्ननं खुर्चीकडे पाहिलं. मग रजिस्टरकडे. आत रेघा होत्या, सही होती, निखळ सत्य होतं. लोक किती मूर्ख असतात, या विचारानं त्याला मनापासून किळस आली.

"हजार? काहीही काय बोलता," तो तुच्छतेनं म्हणाला.

सगळ्यांचे चेहरे पडले. कुणीतरी खुर्ची मागं ओढली.

"शेवटचे दोन एकोणीस होते," असं म्हणून त्यानं खुर्ची परत पुढं घेतली, तिच्यावर रजिस्टर ठेवलं आणि त्यावर बसला.