मधेच लागलेला फर्मा

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते टेबलावर चष्म्याच्या घराखाली पडून होतं आणि चष्मा घेताना रोज दिसायचं. "फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहिते आहे. केमोचे पुढचे डोस घेणार आहेस की नाही, तेवढं एका ओळीत कळव. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. तुला चालतं ना?"

घेणार नव्हतो. पण हे सत्तर ओलांडलेल्या बहिणीला कसं लिहायचं, ते सुचत नव्हतं. दोन डोस झाले होते आणि चार राहिले होते. दुसऱ्यानंतर बोटांची टोकं बधिर झाली. मी आयुष्यभर पुस्तकं बांधली. सुईत दोरा ओवता येत नसेल तर हे शरीर कशासाठी टिकवायचं, असं मनात येई. हे मी कोणाला बोललो नाही. तसं मी फारसं काहीच कोणाला बोलत नाही.

दुसऱ्या डोसच्या वेळी शेजारच्या खुर्चीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. डोक्याला रुमाल, हाताला सलाइन. मांडीवरचं पुस्तक उघडताच त्याची पानं जमिनीवर पसरली. मी वाकून गोळा केली आणि सवयीनं कडा जुळवून दिल्या.

"हात बसलेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "काय करायचात?"

"बाइंडिंग."

"मग बांधून द्या की! प्रार्थनेचं आहे, आईचं."

"बोटांना काही कळत नाही हो आता."

"माझ्या बोटांना तरी कुठे कळतंय? परवा नातीच्या फ्रॉकला काजं केली. दोनदा सुई टोचली, पण बोटाला कळलंच नाही. फायदाच झाला!"

नाही म्हणायला धीर लागतो. तो माझ्याकडे नाही. पुस्तक घरी आणलं.

उरलीसुरली शिलाई उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे वेगळे केले; खाली पडताना त्यांचा क्रम आधीच मोडला होता. पानांचे खालचे कोपरे हाताळून इतके झिजले होते की आकडे उरलेच नव्हते. मजकूर वाचून क्रम लावता आला असता. हाती आलेलं प्रत्येक पुस्तक मी वाचत आलो, पण हे वाचवेना. दुसऱ्याची प्रार्थना वाचणं म्हणजे बंद दाराला कान लावणं वाटलं. अंदाजानं फर्मे लावले. पूर्वी जे काम दुपारच्या चहापर्यंत उरकलं असतं, त्याला आठवडा लागला. टाका नजरेनं घालायचा, दोरा दातानं ओढायचा. शेवटी खळ लावून पुस्तक दाबाखाली ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तिसऱ्या डोसच्या दिवशी ठरवून गेलो, की पुस्तक द्यायचं, सिस्टरना नको म्हणून सांगायचं आणि परत फिरायचं.

बाईंनी पुस्तक उलटसुलट पाहिलं, पाठीवरून अंगठा फिरवला. "टाका माझ्यापेक्षा बरा आहे तुमचा. बसा, ऐका." आणि त्या हलक्या आवाजात वाचू लागल्या. उभं राहणं बरं दिसेना म्हणून मी खुर्चीच्या काठावर टेकलो.

"हे दुखणं माझ्यावरून उतरव, आणि माझ्या हातांना..." त्यांनी पान उलटलं. "...जे दिलंस ते माझ्या गरजेहून जास्त आहे."

त्या थांबल्या. चूक माझ्या लक्षात आली. पुढे 'बळ दे' असं काहीतरी असायला हवं होतं. शेवटचा, आभाराच्या प्रार्थनेचा फर्मा मी मधेच शिवून ठेवला होता.

बाई हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "अहो भाऊ, बाही गळ्याला लावलीत की!"

"द्या इकडे. उसवून नीट करून देतो."

"हात लावू नका." त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "गेले तीन महिने मी नुसती मागतेय. आभार मानायचं पान येईपर्यंत झोपच लागायची. आता मागता मागताच येईल."

आणि त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, चुकीचीच, पण या वेळी सावकाश. माझे हात माझ्या मांडीवर होते. बधिर होते, तरी त्यांनीच हे शिवलं होतं. तेव्हा जे वाटलं त्याला श्रद्धा म्हणावं का, मला कळत नाही. इतकंच की आभार मानावेसे वाटले, आणि माणसाचे मानून ते संपेनात.

"आजोबा, हात," सिस्टर म्हणाल्या. सुई घेऊन त्या कधीच्या उभ्या होत्या.

मी नीट मागे सरकून बसलो आणि हात पुढे केला.

"आज मुकाट्यानं? तब्येत बरी आहे ना?"

"त्यांना सोडू नका हं," बाई म्हणाल्या. "माझ्या भाचीची वहीसुद्धा बांधायची आहे."

दोन दिवस मळमळ होती. तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसलो. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"ताई, तिसरा डोस घेतला. राहिलेलेही घेईन. बरा होईन की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत, पण घेईन. प्रार्थना चालते. मीही करतो, जरा चुकीची. तू आल्यावर म्हणून दाखवीन. तू लहानपणी मला वाचायला शिकवलंस, त्याचे आभार कधी मानले नव्हते. ते आज मानतो."

तिकीट जिभेनं ओलं करून लावलं, मफलर गुंडाळला आणि कोपऱ्यावर जाऊन पत्र पेटीत टाकलं.