आत्याआजीने ठेवलेलं नाव

परक्या भाषेतलं नाव उच्चारताना ताईचे ओठ, बशीतल्या कढत चहावर फुंकर घालावी तसे किंचित पुढे येत आणि मग त्या नावाभोवती हळूहळू मिटत. नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत ओहोटीची संध्याकाळ खिडकीतून आत येई, खाडीच्या चिखलाचा राखाडी उजेड भिंतीवर पसरे, प्राणवायूच्या यंत्राची घरघर अखंड चाले, आणि नाकात नळी असलेली माझी थोरली बहीण म्हणे, "हं, पुढचं वाच."

मी वाचायचो. माझा एकुलता एक चिन्मय बुडापेस्टला, सून कातालिन तिथलीच, आणि तिला मुलगी होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. चिन्मयला सख्खी बहीण नाही, तेव्हा नाव ठेवण्याचा मान आत्याआजीचा, हे ताईने परस्पर ठरवून टाकलं. बाळ तिकडचं, तर नावही तिकडचंच. हंगेरियन नावं अर्थासकट आणून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी इंटरनेटवरून रोज चार नावं टिपून न्यायचो आणि दोन पिढ्या डॅन्यूबच्या काठी काढल्याच्या थाटात त्यांचे उच्चार करायचो.

ताईची तीस वर्षं न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कागद तपासण्यात गेली होती. मालाचा मूळ देश पाहिल्याशिवाय तिने कधी कागद पुढे सरकवला नाही. नावांनाही तिने तोच न्याय लावला.

"झोल्तान?"

"सुलतानवरून आलंय म्हणतात. मुलाचं आहे."

"मग मुलीच्या यादीत कशाला आणलंस, शहाण्या? पिरोश्का?"

"तिकडे 'पिरोश' म्हणजे तांबडं, म्हणून ऐकायला तांबडी, पण मूळ लॅटिन."

"आणि इलोना?"

"ग्रीक हेलनचं तिकडचं रूप. म्हणजे उजेड."

"सगळा इम्पोर्टेड माल. त्यांच्या घरचं काही पिकतच नाही का रे?"

इथे माझा पराक्रम सांगायला हवा. तिकडे नाव महिनाभर आधीच ठरलं होतं. इलोना, कातालिनच्या नुकत्याच गेलेल्या आजीचं. "बाबा, आत्याला तुम्हीच नीट सांगा," असं चिन्मय म्हणाला होता आणि मी मोठ्या रुबाबात "सांगतो" म्हणालो होतो. लग्नाच्या पंगतीपासून स्मशानातल्या बाकापर्यंत कुठेही गप्पांचा फड रंगवणाऱ्या मला ते एक वाक्य जमलं नाही. मी वाचलेलं नाव ताई आपल्या वहीत उतरवे तेव्हा तिच्या तुटक श्वासाला जी लय येई ती मोडण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. त्या भित्रेपणाला मी माया असं सोयीचं नाव दिलं, अन् यादी वाढवत राहिलो.

एका संध्याकाळी 'एमेशे' आलं. फार जुनं, ग्रीक नाही की लॅटिन नाही. दूध पाजणारी, आई, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. आमची आई लवकर गेल्यावर मला भरवून वाढवणारी, स्वतःचं मूल नसलेली ती बाई ते नाव वहीत सावकाश उतरवू लागली. मग तिने त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. "हे कळव त्यांना." मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

बाळ जन्मल्यावर बाराव्या दिवशी, दुपारच्या पांढऱ्या उन्हात, मोरपंखी साडी नेसून ताई फोनसमोर बसली. तिकडे कातालिनने फोन बाळाच्या कानाशी धरला. ताईने सगळा श्वास गोळा केला आणि "कुर्रर्र" करून ते नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटा घालायची रीत. शेजारच्या काकूंनी हात उचलला, त्या पाठीची हाडं पाहिली आणि तो नुसता अलगद टेकवला.

पडद्यावर चिन्मय माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग कातालिन वाकली, लेकीला म्हणाली, "एमेशे," आणि आमच्या ताईला, "थँक यू, आत्या."

त्यानंतर ताई सात आठवडे होती. रोज दुपारी ती बाळाला त्या नावाने हाक मारी, कातालिनही फोन चालू असेपर्यंत तेच म्हणे, आणि फोन बंद झाला की ते मूल पुन्हा इलोना होई. मी त्या सात आठवड्यांत रोज सांगणार होतो.

आता दाखल्यावर इलोना आहे, पाळण्यात इलोना आहे. परवा चिन्मयने सहज विचारलं, "बाबा, तुम्ही काय म्हणणार तिला?" नेटवर्क नाही असं सांगून मी फोन ठेवला, समोर रेंजच्या चारही दांड्या उभ्या होत्या.

माणूस गेल्यावर त्याचं नाव मागे उरतं म्हणतात. पण केवळ त्याच्या मुखी जगणारी दुसऱ्यांची नावं कुठे जातात हे कुणी सांगत नाही. कदाचित आठवण म्हणजे असं एखादं नाव, हाक न मारता, आपला काळ संपेपर्यंत ओठांआड सांभाळत बसणं.