अंथरुणाला खिळलेली वहिनी

थोरल्या वहिनी ओट्याशी उभ्या राहून अख्ख्या घराचा स्वयंपाक करत होत्या, आणि त्याच वेळी त्या अंथरुणालाही खिळलेल्या होत्या. म्हणजे कागदोपत्री. धाकट्या दिराने आपल्या आयकर विवरणपत्रात तसंच भरलं होतं: विधवा भावजय पूर्ण परावलंबी, औषधोपचार आणि शुश्रूषेचा खर्च माझ्यावर. त्यावर करात घसघशीत सवलतही लाटली होती.

वहिनींना हे कळलं ते त्या सकाळी चहा द्यायला गेल्यावर. करसल्लागार कपाळाला हात लावून बसला होता.

"साहेब, चौकशी होणार आहे. अजून मुदत आहे तोवर सुधारित विवरणपत्र भरा, सवलत मागे घ्या आणि मोकळे व्हा."

"आणि कर भरू?" दीर उसळला. "येऊ देत की अधिकारी बघायला! वहिनी, ते येईपर्यंत पडून राहायचं, थोडं कण्हायचं. एवढं कराल ना घरासाठी?"

घरासाठी! नवरा गेल्यापासून वहिनी दुसरं काय करत होत्या? गुडघे टम्म सुजले तेव्हा "वयाचं दुखणं, त्याला कसला डॉक्टर" म्हणून याच दिराने त्यांना गप्प केलं होतं. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या मालकिणीने पगारावर बोलावलं, तेव्हा "लोक काय म्हणतील" म्हणत हाच आडवा आला होता. विधवेला बिनपगारी राबवायचं आणि वर आधार दिला म्हणून मिरवायचं, ही रीत काही या एकाच घरातली नाही. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र त्या गोड बोलल्या.

"करीन की, भाऊजी."

बाहेरच्या खोलीत गादी पडली. दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी जाऊ म्हणाली, "ताई, उठा आता. भांडी पडलीत."

"कशी उठू गं? खिळलेय ना मी!"

दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, भात करपला. त्यात गादीवरून हाका सुरूच. "भाऊजी, औषध कुठाय? आणि पाय कोण चेपणार? शुश्रूषा लिहिलीय ना!" शेवटी वहिनींनी जागेवरच शौचाचं भांडं मागितलं, तेव्हा जाऊ नवऱ्यावर कडाडली, "ते काय लिहिलंय ते आधी खोडा, नाहीतर मी चालले माहेरी!"

दीर दात-ओठ खात गादीपाशी आला. "सूड उगवताय, वहिनी?"

"हो, उगवतेय. लिहिलंय तसं वागा, नाहीतर खोटं लिहिलं म्हणून कबूल करा. आणि ते बघायला आले, तर मी उठून त्यांना चहा करून देणार आहे."

दिराने मुकाट्याने सुधारित विवरणपत्र भरलं, व्याजासकट कर भरला आणि कागद गादीवर आपटला.

"झालं समाधान? उठा आता."

वहिनींनी कागद नीट वाचला. मग गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठल्या. जाऊने सुटकेचा निःश्वास टाकून स्वयंपाकघराची वाट मोकळी केली. वहिनींनी मात्र दाराशी जाऊन चपला घातल्या.

"कुठे निघालात?" दिराने विचारलं.

"खानावळीत. मालकीण अजून बोलावतेय. पहिल्या पगारात डॉक्टरांना गुडघे दाखवणार आहे."

"अहो, पण आमच्याशिवाय तुम्हाला आहे कोण? तुम्ही आमच्यावर अवलंबून..."

"नाही, भाऊजी," वहिनींनी दार उघडलं. "तसं तुम्हीच आत्ता सरकारला सही करून कळवलंत."